तेरा टीमचा गार्ड आणि वडिलांचा डबा

प्रश्न : ताई, माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, अकरावीत. पाचवीपासून बास्केटबॉल खेळतो, पॉइंट गार्ड म्हणून, म्हणजे बॉल पुढे नेऊन बाकीच्या चौघांना वाटणारा. तीन वर्षांत त्याचे तीन क्लब झाले. पहिल्या ठिकाणी त्याच्या जागी दुसरा मुलगा आला, दुसरीकडे सरच गाव सोडून गेले, आता तिसरीकडे बहुतेक वेळ बेंचवर असतो. त्यानं कपाटाच्या दारावर इश स्मिथ नावाच्या अमेरिकन खेळाडूचा फोटो लावलाय. त्याचे बाबा म्हणतात, "तेरा टीमनी सोडून दिलेला माणूस! लावायचाच तर एखाद्या मोठ्या खेळाडूचा लाव." दोघांत आठ दिवस अबोला आहे. कोणाचं बरोबर?
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : तुमच्या पत्रातला 'सोडून दिलेला' हा शब्द दोन दिवस माझ्या डोक्यातून गेला नाही. मी तीस वर्षं मुलामुलींना बास्केटबॉल शिकवतेय, त्याआधी गार्डच्याच जागेवर खेळले. इश स्मिथवर माझा आधीपासून जीव आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी त्याचा प्रवास सांगते. इश्मेल स्मिथ, जन्म 1988, गाव नॉर्थ कॅरोलायनामधलं शार्लट. उंची सहा फूट, म्हणजे एनबीएत (अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये) बुटकाच. वेक फॉरेस्ट विद्यापीठाकडून चार वर्षं खेळला. 2010 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, साठ नावं पुकारली गेली, त्यात त्याचं नव्हतं. ह्यूस्टनच्या टीमनं तरी त्याला घेतलं आणि काही महिन्यांत मेम्फिसला देऊन टाकलं. मग गोल्डन स्टेट, ऑर्लँडो, मिलवॉकी, फिनिक्स, ओक्लाहोमा सिटी, फिलाडेल्फिया, न्यू ऑर्लिन्स. पहिल्या सहा हंगामांत नऊ टीम! पुढे डेट्रॉइट, वॉशिंग्टन, मग स्वतःच्या गावची शार्लट, आणि 2022 मध्ये डेन्व्हर. ही तेरावी. त्याआधी बारा टीमचा विक्रम चौघांच्या नावावर होता : चकी ब्राउन, जिम जॅक्सन, टोनी मॅसेनबर्ग आणि जो स्मिथ. इश त्यांच्याही पुढे गेला.

आता हे 'सोडणं' कसं होतं ते तुमच्या मिस्टरांना सांगा. तिकडे एक टीम आपल्या खेळाडूचा करार दुसऱ्या टीमला देऊ शकते. मोठा खेळाडू आणायचा तर दोन्हीकडच्या पगारांचा मेळ बसवावा लागतो, आणि त्या जुळवाजुळवीत लहान करारवाले खेळाडू इकडून तिकडे जातात. मेम्फिसला शेन बॅटिए हवा होता, त्याच्यासोबत इश गेला. मिलवॉकीला जे. जे. रेडिक हवा होता, त्याच्यासोबतही इश गेला. भाजीवाली तराजूत शेवटी एक छोटं वजन टाकते ना, तसं. त्या वजनात खोट असते म्हणून ते टाकत नाहीत. आणि त्याला कुठूनही काढलं, तरी पुढच्या टीमनं बोलावून घेतलंच. हे चौदा वर्षं चाललं, 2010 ते 2024. ज्याच्या खेळात दम नाही त्याला चौदा वर्षं कोणी बोलावत नाही.

मला हे लगेच कळतं, कारण माझे वडील कापड मिलमध्ये बदली कामगार होते. सोलापुरातल्या जुन्या घरांत हा शब्द सांगावा लागत नाही, तुमच्या मुलाला मात्र सांगावा लागेल. कायम कामगार गैरहजर राहिला तरच बदलीवाल्याला काम. पहाटे भोंग्याच्या आधी वडील गेटवर उभे राहायचे. खांद्यावर टॉवेल, हातात डबा. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, कारण काम मिळालं नाही तर तो डबा रात्री खाता यायला हवा. आत बोलावलं तर पाळी, नाही तर सात-साडेसातला घरी परत. मी दारात उभी राहून त्यांच्या हातातला डबा घ्यायचे. डबा जड लागला की आई काही विचारायची नाही, चूल मात्र जरा उशिरा पेटवायची.

पण याच वडिलांना साचेखात्यातला प्रत्येक साचा, म्हणजे माग, ठाऊक होता. कायम माणसाला त्याचे ठरलेले साचे माहीत. वडील आज या कोपऱ्यात, उद्या त्या. कुठला धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारा) अडकतो, कुठे ताण्याचे म्हणजे उभे धागे जास्त तुटतात, कुठल्या साच्याची कांडी (धोट्यातली धाग्याची गुंडाळी) संपायच्या आत हात न्यावा लागतो, हे ते जेवताना सांगायचे. नव्या साच्यासमोर उभं राहिलं की पहिली दहा मिनिटं फक्त आवाज ऐकायचा, असं त्यांचं म्हणणं. मी गार्ड झाले तेव्हा त्यांची ही दहा मिनिटं घेऊनच कोर्टवर उतरले. पॉइंट गार्ड म्हणजे टीमचा धोटा, सगळे धागे त्याच्यामुळे एकत्र येतात. तो नव्या टीममध्ये आला की त्याला चार माणसांचा आवाज ओळखावा लागतो : कोणाला बॉल छातीवर हवा, कोणाला उसळून, कोण पळता पळता घेतो, कोणाला आधी पाय रोवायला लागतात. शूटर, म्हणजे लांबून बास्केट करणारा, नव्या ठिकाणीही आपला शॉट घेऊन जातो. गार्डला मात्र दुसऱ्यांचे शॉट शिकावे लागतात. इशनं हे तेरा ठिकाणी केलं. (एनबीएत आपल्या बदलीसारखाच दहा दिवसांचा करारही असतो. जानेवारीपासून मिळतो, एका टीमकडून हंगामात फार तर दोनदा. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत ठेवा, नाहीतर जाऊ द्या. हे वाचलं तेव्हा मला गेटच आठवलं.)

एक प्रसंग बाबा-लेकांना एकत्र बसवून सांगा. 2015 च्या उन्हाळ्यात इशचा फिलाडेल्फियातला करार संपला आणि टीमनं त्याला थांबवून घेतलं नाही. नवा हंगाम सुरू झाला, आणि 31 सामन्यांत टीम जिंकली फक्त एक. टीममध्ये उंच, दमदार पोरं होती, पण त्यांच्यापर्यंत बॉल वेळेवर पोचवणारं कोणी नव्हतं. नाताळच्या आदल्या दिवशी फिलाडेल्फियानं पुढच्या दोन ड्राफ्टमधले दुसऱ्या फेरीचे एकेक असे दोन निवडीचे हक्क न्यू ऑर्लिन्सला दिले आणि त्याच इशला परत आणलं. उन्हाळ्यात ज्याला तसंच जाऊ दिलं, त्याला सहा महिन्यांत मोल देऊन घरी आणावं लागलं. 26 डिसेंबरला फिनिक्समध्ये, म्हणजे त्याच्याच एका जुन्या टीमविरुद्ध, तो उतरला आणि फिलाडेल्फिया जिंकली.

त्या दिवसांतला त्याचा खेळ मिळाला तर मुलासोबत बघा. रीबाउंड, म्हणजे चुकून परत आलेला शॉट, हातात आला की तिसऱ्या पावलाला तो पूर्ण वेगात असतो. रिंगखाली घुसतो, समोरचा उंच माणूस त्याच्यावर धावून येतो, आणि तेवढ्यात बॉल मागच्या बाजूनं टीममधल्या नर्लेन्स नोएलसारख्या उंच खेळाडूच्या हातात, रिंगच्या उंचीवर. कधी तो अर्धा गोल फिरून रिंगमागच्या रेषेलगत (बेसलाइन) बाहेर येतो आणि कोपऱ्यातल्या माणसाला देतो. हंगाम संपला तेव्हा टीमचे 10 विजय आणि 72 पराभव होते. वाईटच. पण पहिल्या 31 मध्ये 1 आणि नंतरच्या 51 मध्ये 9, एवढं तरी वहीत लिहून ठेवा. एकट्या इशनं टीम तारली असं मी म्हणणार नाही. तो आल्यावर तीच माणसं बरी खेळायला लागली, एवढं मात्र म्हणेन. पुढच्याच उन्हाळ्यात डेट्रॉइटनं त्याला तीन वर्षांसाठी 1 कोटी 80 लाख डॉलरचा करार दिला आणि तो तिथे तिन्ही वर्षं राहिला.

आणि जून 2023. अंतिम फेरीत मायामीला चार सामने विरुद्ध एक असं हरवून डेन्व्हर पहिल्यांदाच विजेती झाली. इश त्या टीममध्ये होता. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, त्याला कोर्टवर जेमतेम वेळ मिळाला. गार्डची मुख्य जागा जमाल मरेची, आणि बाकी सगळा खेळ निकोला योकिचभोवती फिरणारा. पण सरावात विरुद्ध टीमचा गार्ड होऊन कोणीतरी मरेसमोर उभं राहावं लागतं, रोज, पूर्ण जोर लावून. तुमचा मुलगा आज बेंचवर आहे. बेंचवर तो काय बघतो, हे त्याला एकदा विचाराल का? बॉलकडे बघतो की बॉल नसलेल्या चौघांकडे?

तुमच्या मिस्टरांची काळजी मात्र मला मान्य आहे, तिला 'जुना विचार' म्हणून बाजूला सारू नका. आपल्याकडे बास्केटबॉलवर घर चालवणं अवघड आहे. आपल्या चांगल्या खेळाडूंना आधार मिळतो तो नोकरीचा : रेल्वे, सेनादलं, ओएनजीसी, बँका. खेळाडूंच्या कोट्यातून भरती होते, आणि सोलापूर तर मध्य रेल्वेच्या विभागाचंच ठिकाण. त्या भरतीत शिक्षणाची अट असते, म्हणून बारावी आणि पदवी सोडायची नाही, हे मी त्याच्या बाबांच्या बाजूनं सांगते. पण फोटो राहू द्या. 2015 मध्ये पंजाबच्या सतनाम सिंगचं नाव ड्राफ्टमध्ये बावन्नावं पुकारलं गेलं, पहिला भारतीय म्हणून. केवढा आनंद झाला होता आम्हाला! सात फुटांहून उंच पोरगा. तरीही एनबीएच्या मुख्य हंगामातला एकही सामना त्याला मिळाला नाही. इशचं नाव साठांत नव्हतं, आणि तो चौदा हंगाम खेळला. नाव पुकारलं जाणं आणि कोर्टवर टिकणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत.

प्रश्न : माझी उंची 5 फूट 4 इंच. सगळे म्हणतात कबड्डी खेळ. मला पॉइंट गार्डच व्हायचंय.
– दहावीतला वाचक, अशोक चौक

उत्तर : हो बाळा, हो. मग्सी बोग्ज 5 फूट 3 इंचाचा होता, एनबीएच्या इतिहासातला सगळ्यात बुटका खेळाडू. तोही इशच्याच वेक फॉरेस्टचा. 1987 मध्ये ड्राफ्टमध्ये बारावा निवडला गेला आणि चौदा हंगाम खेळला. तो समोरच्याचा ड्रिबल खालूनच पळवायचा. बॉल जमिनीवरून उसळून त्याच्याच उंचीला येतो ना! आजपासून डाव्या हातानं घराच्या गच्चीवर रोज दहा मिनिटं ड्रिबल कर, गुडघ्याच्या खाली, डोळे समोरच्या पाण्याच्या टाकीवर. ऊन चढायच्या आत कर, मे महिन्यात सिमेंट तळव्याला भाजतं.

प्रश्न : कॉलेजच्या टीममध्ये ऐनवेळी घेतलं. परवा सामना. त्यांचे प्लेज (आधी ठरवलेल्या चाली) मला माहीत नाहीत. काय करू?
– बी.कॉम.ची विद्यार्थिनी, विजापूर वेस

उत्तर : मलाही एकदा असंच घेतलं होतं. दुसऱ्या जिल्ह्याच्या टीमची गार्ड आजारी पडली, आणि मी संध्याकाळी बॅग भरून सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये. टीममधली एकही मुलगी ओळखीची नव्हती. त्यांच्या कॅप्टनला मी म्हटलं, सगळे प्लेज नकोत, तुम्ही सामन्यात खरंच वापरता तेवढेच सांग. तिनं पाच सांगितले. बर्थवर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर पाच शेंगदाणे मांडले, एक मी आणि चार त्या. प्रत्येक प्ले आधी तिनं हलवून दाखवला, मग मी, मग डोळे मिटून तोंडानं. दौंडपर्यंत तीन झाले. त्यानंतर मी त्या चौघींना एकेक करून उठवलं आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला : बॉल कुठे देऊ? एक म्हणाली, उजव्या हाताला, कंबरेशी. एक म्हणाली, मी वळायच्या आधीच दे, मी वळेन तेव्हा तो आलेला असू दे. तिसरीला प्रश्नच कळला नाही, कारण तिला तो कोणी कधी विचारलाच नव्हता. मग ती उठून बसली, वरच्या बर्थला डोकं आपटता आपटता वाचली, आणि अर्धा तास बोलत राहिली.

तूही आज रात्री चौघींना फोन लाव. प्लेज उद्या सकाळी.