शिक्का खरा, पण आतलं?

प्रश्न : सर, मी संत्र्याच्या डिंक्या रोगावर पीएच.डी. करते. ब्लॉकचेनवर नोंदलेला शोधनिबंध अस्सलच समजायचा का?
– एक विद्यार्थिनी, धरमपेठ, नागपूर

उत्तर : नाही बाप्पा! ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकसारखी ठेवलेली, मागाहून गुपचूप बदलता न येणारी नोंदवही. तिथे सहसा निबंध नसतोच, त्याचा हॅश असतो, म्हणजे फाइलवरून गणितानं काढलेला तिचा जणू बोटाचा ठसा. एसएचए-२५६ पद्धतीत फाइल दोन पानांची असो की दोनशे, हॅश ६४ अक्षर-अंकांचाच. एक स्वल्पविराम हलला तरी तो पार बदलतो. म्हणजे अमुक दिवशी हीच फाइल होती, एवढं पक्कं कळतं. कल्पना बिटकॉइनच्या आधीची आहे. हेबर आणि स्टॉर्नेटा या संशोधकांनी ती १९९१ मध्ये मांडली. १९९५ पासून असे हॅश न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापून येऊ लागले. रद्दीतला पुरावा! मला हे फार आवडतं.

पण आकडेच बनावट असले तर? लस आणि ऑटिझमवरचा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला १९९८ चा निबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला. खोट आतच होती. माझ्या एका विद्यार्थ्यानंही सीताबर्डीच्या झेरॉक्स दुकानात बसून तक्ता ‘जुळवला’ होता.

तू झाडांच्या नोंदींची कच्ची वही रोज संध्याकाळी स्कॅन करून तिचा हॅश नोंदव. आणि दुसऱ्याचा निबंध वापरण्याआधी तो मागे घेतलाय का, ते बघ.