दिवा धरणाऱ्या हाताचं नाव

प्रिय पोरी,

चित्रांमागच्या गोष्टींचा तुझा मसुदा शनिवारी मिळाला, दोनदा वाचला. हात चांगला बसलाय तुझा. पण पहिल्याच पानावर माझी पेन्सिल अडकली. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या चित्राबद्दल तू लिहिलंयस, ‘राजा रविवर्म्याची दिवा घेतलेली अनामिक सुंदरी’. एवढ्याशा ओळीत दोन चुका! रागावत नाही, कारण यातली पहिली मी चाळीस मुलांसमोर केलेली आहे. शाळेची सहल घेऊन गेलो होतो, चित्रकलेचे सर म्हणून जरा भाव खात होतो, आणि छातीठोकपणे सांगितलं, हा रविवर्मा. मागच्या रांगेतून आवाज आला, ‘सर, पाटीवर हळदणकर लिहिलंय.’ उरलेली सहल मी गप्प होतो.

चूक का होते तेही बघ. त्याच राजवाड्यात रविवर्म्याची चित्रं आहेत. शिवाय आपल्या घराघरांत त्याच्या तसबिरी इतक्या लागल्या की जुन्या चित्रात साडीतली बाई दिसली की आपण ती त्याच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. पण रविवर्म्याचं नाव झालं ते तैलरंगात. ‘ग्लो ऑफ होप’ नावानं ओळखलं जाणारं हे चित्र जलरंगातलं आहे, सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं. सावंतवाडीचा माणूस, जन्म १८८२चा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि १९०८ साली मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली.

जलरंग आहे हे नुसतं लिहून पुढे जाऊ नकोस, तिथे थांब. तैलरंगात दिव्याची ज्योत शेवटी वरून पांढऱ्या-पिवळ्यानं ठेवता येते, बिघडली तर खरवडून पुन्हा काढता येते. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे राखून ठेवलेला कागद. कुठे रंग लावायचा नाही हे आधी ठरवावं लागतं, आणि एकदा काळोख चढवला की मागे फिरता येत नाही. आता त्या बाईनं ज्योतीपुढे आडोसा धरलेला हात बघ. बोटांच्या कडांतून उजेड लालसर होऊन झिरपतोय. टॉर्चवर तळहात ठेवून बघ म्हणजे कळेल, हळदणकरांनी काय पाहिलं होतं ते. लोक त्या चेहऱ्याचं कौतुक करतात. मला विचारशील तर सगळं चित्र त्या बोटांत आहे.

आणि ती ‘अनामिक’ अजिबात नाही. ती हळदणकरांची मुलगी गीता, लग्नानंतरच्या गीता उपळेकर. दिवाळीत आईची साडी नेसून हातात दिवा घेऊन उभी असताना वडिलांनी पाहिलं आणि तिथून चित्र सुचलं, ही हकिकत गीताबाईंकडूनच लोकांपर्यंत आली. उतारवयात त्या कोल्हापुरात राहत होत्या आणि २०१८च्या ऑक्टोबरमध्ये गेल्या, वयाच्या १०२व्या वर्षी. म्हणजे तुझ्या शाळेच्या दिवसांत ही ‘अनामिक सुंदरी’ कोल्हापुरात नांदत होती, आणि आपण तिकडे म्हैसुरात उभे राहून ‘कोण असेल बरं ही’ म्हणत होतो.

म्हणून चित्रामागची गोष्ट लिहायला बसलीस की समोर उभं राहिलेल्या माणसापासून सुरुवात कर. चित्रकाराचं चरित्र कुणीतरी लिहिलेलं असतंच. मॉडेलच्या वाट्याला मात्र बहुतेक वेळा अफवा येते.

तुझ्या दुसऱ्या प्रकरणातल्या, फ्रेंच चित्रकार एदुआर माने याच्या ‘ऑलिम्पिया’ या चित्रातल्या मॉडेलचं तेच झालंय. १८६३ साली रंगवलेलं आणि १८६५च्या पॅरिसच्या सालोंमध्ये, म्हणजे निवडक चित्रांच्या तिथल्या मोठ्या सरकारी प्रदर्शनात, लागल्यावर गहजब उडवणारं चित्र, तेवढं तू बरोबर लिहिलंस. नंतर ‘ती वेश्या दारूच्या नादात लवकर मेली’ हे वाक्य कुठून उचललंस? उचललं असणार, कारण कितीतरी वर्षं हेच छापून येत होतं. तिचं नाव व्हिक्टोरीन म्युरां. ती स्वतः चित्रकार होती. १८७६च्या सालोंनं तिचं आत्मचित्र घेतलं आणि त्याच वर्षी मानेची चित्रं परत पाठवली! पुढेही तिची चित्रं तिथे लागली. ती वारली १९२७ साली, पॅरिसजवळच्या कोलोंबमध्ये, ८३ वर्षांची होऊन. याला लवकर म्हणतात होय?

तिचं एक पत्र मात्र तुझ्या लेखात यायलाच हवं. १८८३मध्ये माने गेला. त्या उन्हाळ्यात तिनं त्याच्या विधवेला लिहिलं, की चित्रं विकली गेली तर तुलाही काही देईन असं ते म्हणाले होते, तेव्हा मी नको म्हटलं, पोज देणं जमेनासं होईल तेव्हा आठवण करून देईन असं सांगितलं होतं, आणि आता ती वेळ आली आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा चहा तसाच गार झाला. पंचवीस-तीस प्रसिद्ध चित्रांच्या गोष्टी वाचून जे कळत नाही ते या पत्रात आहे: उभं राहण्याचं काम, त्याची मजुरी, मानी स्वभाव आणि टेकीला आलेली बाई.

‘ऑलिम्पिया’च्याच चित्रात फुलांचा गुच्छ घेऊन वाकलेली कृष्णवर्णीय दासी आहे ना, तिला तू एका शब्दातही घेतलेलं नाहीस. तिचं नाव लोर. मानेनं वहीत तिचं नाव आणि राहण्याचा पत्ता टिपून ठेवलाय, म्हणून ते आपल्याला माहीत आहे. २०१९ साली पॅरिसच्या ओर्से संग्रहालयानं एका प्रदर्शनापुरतं या चित्रालाच ‘लोर’ नाव दिलं होतं. मला तो प्रकार थोडा नाटकी वाटला, पण त्या निमित्तानं माझी नजर गुच्छावरून वर सरकून तिच्या चेहऱ्यावर गेली हे कबूल करतो.

बाकी मसुद्यात खुणा केल्यात. मोनालिसाचं पान पूर्ण गाळलंस तरी चालेल, त्यात तुझं स्वतःचं काही नाही. हळदणकरांचं पान मात्र वाढव, आणि एकदा म्हैसूरला जाऊन मगच वाढव. फोटोवरून ती बोटं कळत नाहीत. दिवाळीनंतर गर्दी कमी असते. जाण्याआधी फोन कर, मलाही त्या पाटीसमोर परत एकदा उभं राहायचंय.

तुझे,
सर