फुटबॉल लीग (इंग्लंडची मुख्य व्यावसायिक लीग) बाहेरच्या संघाला एफए कप (इंग्लंडची बाद पद्धतीची फुटबॉल स्पर्धा) जिंकून देणारा स्कॉटिश मॅनेजर कोण?

जॉन कॅमेरून. जन्म 1872, स्कॉटलंडमधलं एअर गाव. क्वीन्स पार्क, एव्हर्टन हे क्लब करत 1898 मध्ये लंडनच्या टॉटनहॅमला आला आणि पुढच्याच वर्षी खेळाडू, मॅनेजर, सेक्रेटरी अशी तिन्ही कामं त्याच्या गळ्यात पडली. संघ तेव्हा सदर्न लीगमध्ये, म्हणजे फुटबॉल लीगबाहेरच. 1900 मध्ये ती जिंकली.

1901 ची एफए कप फायनल लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला, लाखाहून जास्त प्रेक्षकांसमोर, शेफील्ड युनायटेडशी 2-2 बरोबरीत सुटली. युनायटेडचा दुसरा गोल फारच वादग्रस्त: चेंडू रेषेपलीकडे गेलाच नव्हता, असं चित्रफितीत दिसतं. बोल्टनच्या फेरसामन्यात 0-1 पिछाडीवर असताना बरोबरी साधून दिली ती खुद्द कॅमेरूननेच, निकाल 3-1.

1907 मध्ये पद सोडलं. पुढे जर्मनीत कोचिंग करताना पहिलं महायुद्ध पेटलं नि तो बर्लिनमधल्या रूलेबेनच्या छावणीत स्थानबद्ध झाला.