दिव्याभोवतीची वलये आणि तक्रारीची मुदत

डोळ्याच्या आतील दाहावर, म्हणजे युव्हिआयटिसवर, स्टेरॉइडचे थेंब घालता घालता काचबिंदू झाला, आता डॉक्टरांकडून भरपाई मिळेल का, अशी पत्रे वरचेवर येतात. आपल्या पत्राप्रमाणे असे उपचार 33 महिन्यांपूर्वी सुरू झाले आणि 19 महिन्यांपूर्वी दुसऱ्या डॉक्टरांना डोळ्याचा दाब 38, म्हणजे खूपच जास्त, आढळून काचबिंदूचे निदान झाले. आता त्याच डोळ्यात मोतीबिंदूही आहे. दाह किमान तीन महिने शांत राहिल्यावर शस्त्रक्रिया होईल आणि एकूण नुकसान कळल्यावर ग्राहक आयोगात तक्रार करू, असा आपला विचार आहे. कृपया तसे करू नका.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. इजा लगेच दिसणारी नसेल, तर ती कळली किंवा वाजवी दक्षता घेतली असती तर कळू शकली असती त्या दिवसापासून मुदत मोजायची, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली शस्त्रक्रियेत पोटात राहिलेल्या गॉजच्या (जाळीदार कापडाच्या) प्रकरणात म्हटले. मात्र नऊ वर्षे दुखणे वेदनाशामक गोळ्यांवर काढणाऱ्या त्या रुग्णाची तक्रार मुदतबाह्यच ठरली. आपण पत्रात सहज लिहून गेला आहात, की काचबिंदूचे निदान होण्याच्या चार महिने आधीपासून दिव्यांभोवती वलये दिसत होती; हे वाढलेल्या दाबाचे एक लक्षण असते. विरुद्ध पक्ष नेमके हेच वाक्य धरील आणि मुदत तेव्हापासून मोजायला सांगेल. तो हिशेब मान्य झाला, तर आपल्या हातात पाच महिने नाहीत, एकच महिना आहे. विलंब माफीचा अर्ज करता येतो. पण शस्त्रक्रियेची वाट पाहत होतो, हे पुरेसे कारण मानले जाईल असे मला वाटत नाही, आणि त्या एका अर्जावरच तारखांमागून तारखा पडत राहतात.

पहिल्या डॉक्टरांकडे केसपेपरच्या प्रतींसाठी याच आठवड्यात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या विनियमांनुसार आंतररुग्णांच्या (रुग्णालयात दाखल असलेल्यांच्या) नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायच्या असतात आणि मागितल्यास प्रती 72 तासांत द्यायच्या असतात. आपल्यासारख्या, दाखल न होता तपासून घेणाऱ्या बाह्यरुग्णाच्या कागदांबाबत वाद निघू शकतो, म्हणून आपल्याकडील चारही चिठ्ठ्या सांभाळा. पाच महिन्यांतील त्या चार भेटींत ‘डोळ्याचा दाब’ हा रकाना चारही वेळा कोरा आहे. दाहानेही काचबिंदू आणि मोतीबिंदू होतात, त्यामुळे नुसती गुंतागुंत झाली म्हणून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही; परंतु स्टेरॉइडने ज्यांचा दाब वाढतो त्यांच्यात तो बहुधा काही आठवड्यांतच दिसू लागतो, म्हणून तो मोजलाच गेला नव्हता हे दाखवणारा कोरा रकाना हा आपला खरा पुरावा आहे. तो कितपत टिकेल, हे नेत्रतज्ज्ञाच्या लेखी मतावर अवलंबून राहील.

चौथ्या चिठ्ठीवर ‘15 दिवसांनी दाखवा’ असे स्पष्ट लिहिलेले असताना आपण गेला नाहीत आणि त्याच चिठ्ठीवर नऊ महिने थेंब आणत राहिलात, हे मला समजू शकत नाही. भरपाई त्यामुळे घटण्याची शक्यता आहे. ही गोष्ट तक्रारीत स्वतःहून लिहा, दडवू नका. दृष्टीच्या नसेची झालेली हानी भरून येत नाही, तिची नोंद आजच उपलब्ध आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा अपेक्षित खर्च आणि दाहग्रस्त डोळ्यातील धोका शल्यचिकित्सकांकडून लिहून घेऊन तक्रारीला जोडता येईल.