पाम तेल सरळ बंद का करत नाहीत?

तुमचा प्रश्न असा आहे: पाम तेलापायी जंगलं गेली हे सगळ्यांना माहीत आहे, मग कंपन्या दुसरं तेल का घेत नाहीत? आणि एवढी मागणी असूनही हा धंदा अडचणीत आहे असं का म्हणतात? मी बरीच वर्षं खाद्यतेलाच्या खरेदीत काढली, त्यामुळे माझं उत्तर थोडं व्यापाऱ्याच्या नजरेनं येईल.

दुसऱ्या तेलाचं आधी उरकते. एक हेक्टर पामच्या बागेतून वर्षाला साधारण साडेतीन टन तेल निघतं. तेवढ्याच जमिनीत सोयाबीन अर्ध्या टनावर जेमतेम जातं आणि सूर्यफूल पाऊण टनाच्या आसपास. पाम सोडलं की तेवढं तेल काढायला कुठली तरी जमीन नांगरावीच लागणार. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०१८ मध्ये हेच मांडलं होतं, की पामऐवजी इतर तेलं घेतली तर नऊपटीपर्यंत जास्त जमीन लागू शकते. शिवाय हे तेल साध्या तापमानाला निम्मं घट्ट राहतं. पातळ तेल कृत्रिमरीत्या घट्ट करताना ट्रान्स फॅट ही घातक चरबी तयार होते; ती बिस्किटांतून काढायची वेळ आली तेव्हा कारखान्यांना हाच गुण कामी आला. म्हणून बहिष्काराची भाषा मला कधी पटली नाही.

(जाता जाता एक गंमत. मलेशियात १९८१ पर्यंत पामच्या फुलांवर माणसं हातानं पराग टाकत. त्या वर्षी कॅमेरूनहून एक बारीक सोंडकिडा आणून सोडला आणि ते काम त्यानं फुकटात अंगावर घेतलं. पाम तेलाच्या स्वस्ताईत त्याचाही वाटा आहे.)

याचा अर्थ उद्योग धुतल्या तांदळासारखा आहे असं नाही. सगळ्यात वाईट काम झालं ते पीटच्या जमिनीवर. पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्याखाली अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याचा थर, काही ठिकाणी कित्येक मीटर जाड. सुमात्रा आणि बोर्निओ या बेटांवर अशा जमिनीत चर खणून पाणी काढलं आणि त्यावर पाम लावला. वाळलेलं पीट कार्बन सोडत राहतं, आणि एकदा पेटलं की आग जमिनीच्या पोटात धुमसते, वरून पाणी मारून विझत नाही. १९९७-९८ आणि २०१५ या एल निनोच्या वर्षांत धुरानं शेजारचे देशही झाकोळले. २०१५ च्या आगींनी इंडोनेशियाचं सुमारे १६ अब्ज डॉलरचं नुकसान झालं असा जागतिक बँकेचा अंदाज होता. सगळ्याच आगी पामपायी लागल्या नव्हत्या, पण पामसाठी खणलेल्या चरांनी जमीन वाळवून ठेवली होती. त्यातही हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. पाणी काढलेलं पीट दरवर्षी काही सेंटीमीटर खचतं, आणि जमीन नदीच्या पातळीला आली की बागच बुडायला लागते.

आता अडचणीबद्दल. माझ्या मते या धंद्याची पैशाची अडचण आणि पर्यावरणाची अडचण या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. दोन्हींची गाठ एकाच जागी आहे, म्हाताऱ्या झाडात.

पाम तीन वर्षांत फळाला येतो, दहा-पंधरा वर्षं भरभरून देतो, मग उतरणीला लागतो. पंचविशीनंतर झाड इतकं उंच होतं की लांब दांड्याच्या कोयत्यानंही घड काढणं मुश्कील. तेव्हा झाड पाडून नवं रोप लावायचं. मोठी कंपनी दरवर्षी थोडी थोडी बाग पाडते, तिचं चालून जातं. पण इंडोनेशियातली सुमारे ४० टक्के लागवड छोट्या शेतकऱ्यांकडे आहे. दोन हेक्टरवाल्यानं सगळी बाग पाडली तर पुढची तीन वर्षं खायचं काय? मग तो म्हातारी झाडंच ओढत राहतो. उत्पादन घटतं आणि मागणी मात्र वाढते. ती भरून काढायला सगळ्यात सोपी वाट म्हणजे नवी जमीन, म्हणजे बऱ्याचदा जंगल.

त्यात त्याच्या हातात भाव नसतो. घड तोडल्यावर साधारण दिवसभरात गिरणीत पोचायला हवा, नाहीतर तेलातली आम्लता वाढते आणि माल उतरतो. थांबून विकायची सोयच नाही. २०२२ च्या एप्रिलअखेर इंडोनेशियानं घरच्या तेलाचे भाव पाडायला निर्यात बंद केली. टाक्या भरल्या, गिरण्यांनी घड घेणं थांबवलं, आणि जगात तेल महाग असताना तिथल्या शेतकऱ्याचा भाव कोसळला. तीन-साडेतीन आठवड्यांत बंदी उठवावी लागली. आम्ही इकडे रोज सकाळी ‘आज उठेल’ म्हणून बसायचो, पण आमचा तोटा कागदावरचा होता.

निर्यातीवर तिथे शुल्क लागतं. व्यापारी ते घडाच्या भावातूनच वळतं करतात, म्हणजे शेवटी भरतो शेतकरी. या पैशातून २०१५ पासून एक निधी चालतो. त्यातून जुन्या बागा बदलायला अनुदान मिळतं, पण निधीचा मोठा हिस्सा गेला बायोडिझेल स्वस्त करण्यात. डिझेलमध्ये पाम मिसळण्याचं प्रमाण वाढत वाढत २०२५ मध्ये ४० टक्क्यांवर नेलं. म्हणजे तेलाची मागणी आणखी वाढवली, आणि झाड मात्र तेच, म्हातारं. मला यातला हिशेब कधीच कळला नाही.

युरोपच्या नव्या कायद्याचंही असंच होण्याची भीती आहे. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचा माल तिथे चालणार नाही, आणि प्रत्येक बागेचं नकाशावरचं ठिकाण द्यावं लागेल. हेतू चांगला आहे. अंमलबजावणी मात्र दोनदा पुढे ढकलली गेली. गिरणीत शेकडो बागांचे घड एकत्र होतात. कंपनी आपल्या बागेचा नकाशा देईल, पण ज्याच्याकडे जमिनीचा कागदच धड नाही तो काय देणार? त्याला सोडून देणं खरेदीदाराला सोपं. मी त्या खुर्चीत असते तर मीही बहुधा तेच केलं असतं.

कागदाअभावी अनुदानही अडतं. आणि मिळालं तरी रोप चांगलं लागलं की नाही हे तीन वर्षांनी कळतं. पातळ कवचीचं टेनेरा म्हणून घेतलेलं रोप जाड कवचीचं डुरा निघालं तर तेल बरंच कमी, आणि रोपवाटिकेत दोन्ही दिसायला सारखीच.

खरेदीत होते तेव्हा मी पाऊस आणि मलेशियातला महिनाअखेरचा साठा बघायचे. आता कुणी पाम तेलाचं पुढं काय होईल विचारलं की इंडोनेशियातला पुनर्लागवडीचा आकडा काढते. छोट्या शेतकऱ्यांच्या बागांसाठी वर्षाला १,८०,००० हेक्टरचं लक्ष्य होतं. ते एकदाही गाठलं गेलं नाही. मग लक्ष्यच खाली आणलं.