शू कार्निव्हल या बुटांच्या दुकानांच्या अमेरिकन साखळीचा पी/ई (शेअरची किंमत भागिले प्रति शेअर नफा) कमी दिसतोय, शेअर घ्यावा का?

नुसता पी/ई बघून घेऊ नका. आधी जुन्याच दुकानांतली विक्री वाढतेय की घटतेय ते बघा. कंपनीने 2021 मध्ये शू स्टेशन आणि 2024 मध्ये रोगन्स या बुटांच्याच साखळ्या विकत घेतल्या, त्यामुळे एकूण विक्रीचा आकडा फसवू शकतो.

माझ्या मते खरी गोम मालाच्या साठ्यात आहे. एकाच बुटाचे कितीतरी नंबर ठेवावे लागतात. मधले खपतात, टोकाचे पडून राहतात आणि शेवटी सवलतीत काढावे लागतात. विक्रीपेक्षा साठा वेगाने वाढत असेल, तर पुढे ग्रॉस मार्जिनला (विक्रीतून मालाची खरेदी किंमत वजा जाता उरणाऱ्या नफ्याच्या टक्क्याला) फटका बसण्याची दाट शक्यता. अमेरिकेत ऑगस्टच्या सुमारास शाळा सुरू होतात तेव्हा मुलांच्या बुटांची विक्री उसळते. म्हणून तिमाहीची तुलना गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करा.

कर्जाचा आकडा बघताना दुकानांच्या भाडेकरारांची देणीही ताळेबंदात बघाच. शिवाय 2025 मध्ये अनेक दुकानं शू स्टेशनच्या नावाखाली आणली गेली. त्या बदलाचा खर्च वाढीव विक्रीतून भरून निघताना दिसेपर्यंत मी तरी मोठी रक्कम लावणार नाही.