पिशवीत कडधान्य नको, कुकरची रिंग न्या

ताई, तुमचा प्रश्न असा: बेळगावहून दोन लेकरं घेऊन जर्मनीला चाललोय, घरात मांस शिजत नाही, मुलांना प्रोटीन पुरेल काय, आणि सामानात कडधान्य किती किलो भरावं? व्हिसा, विमा, पत्त्याची नोंदणी, कस्टम हे सगळं सरकारी पानांवर आहे, ते इथं पुन्हा लिहीत नाही. एक मात्र तिथं सापडणार नाही. पासपोर्टवर 'बेलगाम' आणि मुलांच्या कन्नड दाखल्यावर 'बेळगावी' असेल, तर १ नोव्हेंबर २०१४ पासून गावाचं सरकारी नाव बदललं, एवढी टीप अधिकृत भाषांतरकाराकडून भाषांतरातच घालून घ्या. नाहीतर खिडकीपलीकडचा माणूस ही दोन वेगळी गावं समजतो आणि आपण जर्मनमध्ये सीमाप्रश्न समजावत बसतो. मराठीत तो अजून समजावून झालेला नाही, जर्मनमध्ये कुठला व्हायला.

आता कडधान्य. दहा किलो भरू नका. जर्मनीत जवळपास प्रत्येक शहरात तुर्की दुकान असतं, तिथं छोले 'नोहुत' आणि चवळी 'ब्योरुल्जे' या नावानं मोठ्या पुड्यांत मिळते. मूग 'मुंगबोनेन'. लाल 'लिन्झेन' म्हणजे आपली मसूरडाळच. अख्ख्या मसुराला सगळ्यांत जवळची 'बेर्गलिन्झेन', लहान, तपकिरी, शिजूनही अख्खी राहणारी. 'टेलरलिन्झेन' मोठी आणि चपटी, सुपासाठी बरी, पण अख्ख्या मसुराच्या रश्श्यात तिचा गाळ होतो. मटकीसाठी भारतीय दुकान गाठावं लागेल. हुलगे, म्हणजे आपल्याकडची हुरळी, सहजी मिळत नाहीत असंच धरून चाला. माडग्याची सवय असलेलं कुणी घरात असेल, तर त्यांना आत्ताच सांगून ठेवा.

प्रोटीनचा हिशोब सोपा आहे. १०० ग्रॅम कोरड्या मसुरात साधारण २४ ग्रॅम प्रोटीन, ६.५ मिलिग्रॅम लोह आणि भरपूर फोलेट, म्हणजे बी गटातलं एक जीवनसत्त्व. राजमा, चवळी, मटकीही प्रोटीनला २२-२४ च्या घरात. फसगत होते ती इथं: हे आकडे कोरड्याचे. शिजून दाणा अडीच पट होतो आणि वाटीतल्या १०० ग्रॅम शिजलेल्या मसुरात प्रोटीन ९ ग्रॅमच उरतं. २० किलो वजनाच्या मुलाला दिवसाला १८ ग्रॅमच्या आसपास लागतं. म्हणजे वाटीभर आमटी, त्यासोबत भात किंवा भाकरी आणि दही, एवढ्यात भागतं. प्रोटीनच्या घटकांपैकी लायसिन कडधान्यात भरपूर पण मेथिओनिन कमी, धान्यात नेमकं उलटं, म्हणून दोन्ही मिळून पुरं पडतं. एकाच घासात दोन्ही हवं असं काही नाही, दिवसभरात झालं तरी चालतं. भाकरीसाठी 'सोर्गुम'चं पीठ शोधा. 'हिर्से' लिहिलेलं जोंधळा समजून आणू नका, ते वरईच्या जातीतलं आहे, थापताना चिरतं.

लोह आकड्यात दिसतं तेवढं अंगी लागत नाही. वरून लिंबू पिळा, जेवणानंतर लगेच चहा नको, तासभर थांबा. आणि बी-१२ कुठल्याच कडधान्यात नाही, एक थेंबही नाही. दूध-दही कमी खाणाऱ्यांनी त्याची तपासणी करून घ्यावी.

राजम्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथं चूक झाली तर रात्र दवाखान्यात जाते. कच्च्या लाल राजम्यात लेक्टिन नावाचं एक विषारी प्रोटीन असतं. चार-पाच अर्धवट शिजलेले दाणेही एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू करू शकतात. किमान ५ तास भिजवा, ते पाणी टाका, ताज्या पाण्यात खळखळून ३० मिनिटं उकळा, किंवा कुकरात घाला. स्लो कुकरमध्ये कच्चा राजमा कधीच टाकू नका. आतलं तापमान बऱ्याचदा ७५ अंशांच्या पुढं जात नाही आणि ८० अंशांपर्यंतच्या कोमट शिजण्यात विष जाण्याऐवजी वाढू शकतं. डब्यातला राजमा पूर्ण शिजलेला असतो, त्याची भीती नाही. ४०० ग्रॅमच्या डब्यात पाणी काढल्यावर साधारण २४० ग्रॅम दाणे निघतात, म्हणजे १०० ग्रॅम कोरड्याएवढे. चाळणीत धुऊन घेतले की मीठ बरंच जातं.

दाणा तासन्‌तास शिजून चिवटच राहिला तर दोष बहुधा पाण्याचा. तिथं पाण्याचा कठीणपणा 'डीएच'मध्ये मोजतात आणि १४ च्या वर कठीण. म्युनिकचं पाणी कठीणच. त्यातलं कॅल्शियम सालीतल्या पेक्टिनला धरून बसतं. भिजवायच्या पाण्यात चमचाभर मीठ घाला, त्यानं साल मऊ पडते. सोडा घातला तर अर्ध्या किलोला पाव चमचा, त्याहून जास्त नको. थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) जातं आणि चव साबणासारखी लागते. टोमॅटो, चिंच, आमसूल दाणा बोटानं दबल्यावरच. इतकं करूनही शिजेना तर माल जुना आहे, फेकून द्या.

शेगडी काचेची असते आणि बंद केल्यावरही तापलेली राहते. शिटी झाली की कुकर उचलून बाजूला ठेवा. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही, म्हणून इंडक्शनचा तळ बघूनच घ्या आणि त्याच मापाच्या दोन रिंगा, दोन सेफ्टी व्हॉल्व्ह सोबत न्या. भाड्याचं घर बऱ्याचदा स्वयंपाकघराशिवाय मिळतं, ओटा-शेगडीसुद्धा नसते. करारात 'आइनबाउक्युखे', म्हणजे बसवलेलं स्वयंपाकघर, हा शब्द आहे काय, बघा.

मोड १८ अंशांच्या घरात दोन दिवस येत नाहीत आणि मग आंबट वास येतो. ओव्हनचा फक्त दिवा लावून आत ठेवा, दिवसातून दोनदा धुवा. मोड कच्चे मात्र देऊ नका. २०११ मध्ये जर्मनीतच मेथीच्या मोडांमधून ई-कोलायची साथ पसरली होती, पन्नासहून जास्त माणसं गेली. आपली उसळ शिजवलेलीच असते, ते बरं.

शाळेच्या जेवणात 'शाकाहारी' म्हणजे बहुतेक वेळा चीज घातलेल्या शेवया. मसुराचं सूप मिळतं, पण त्यात सॉसेजचे तुकडे. आधी लिहून कळवलं नाही तर मूल ते बाजूला काढून पोट भरेल, अशी अपेक्षा ठेवतात. हे खटकतं, दहा वर्षांनीही खटकतं. डबा द्यायचा तर पातळ उसळ नको, मसूर सुका परतून पोळीत गुंडाळा. सुरुवातीला अर्धी वाटीच. अचानक वाढवलं की गॅस होतो, कारण कडधान्यातली रॅफिनोज नावाची साखर आपल्याला पचत नाही, ती आतड्यातले जंतू पचवतात. दोन-तीन आठवड्यांत पोट सरावतं.

एकटेपणाचंही विचारलंत. होतो. नोव्हेंबरात चारलाच अंधारतं तेव्हा जास्त. पुढं.

वर दहा किलो नको म्हटलं, त्याला एक अपवाद करा. बेळगावच्या शहापूर-येळ्ळूर शिवारातला, भातानंतर काळ्या रानात घेतलेला मसूर अर्धा किलो न्या. प्रोटीन, लोह, फोलेट, कशातही तो बेर्गलिन्झेनहून फार वेगळा नाही, त्यामुळं याला पोषणाचं कारण विचारू नका. हवाबंद डब्यात, शेगडीपासून लांब, तळघरात ठेवा. जपून ठेवायचा मोह होईल. वर्षाच्या आत शिजवा. त्यानंतर तो नीट शिजत नाही.